जुन्या पद्मिनीच्या स्टील पट्ट्यांवरचे चरे घालवायचेत, घरी जमेल का?

निळी_पद्मिनी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे पप्पांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, निळी, हँडलखालच्या गिअरची. गेल्या वर्षी इंजिनचं काम झालं, यंदा रंग झाला आणि रंग नवा झाल्यापासून नजर सारखी पट्ट्यांवरच जाते. दोन्ही बाजूंना दारांवरून जाणाऱ्या लांब चकचकीत पट्ट्या आहेत, आणि दार उघडलं की खाली उंबऱ्यावर पाय पडतो तिथे एकेक पट्टी. पप्पा सांगतात बाजूच्या पट्ट्या मूळ गाडीच्या नाहीत, त्यांनी ९२-९३ च्या सुमारास कोल्हापुरात उद्यमनगरातून स्टीलच्या करून घेतल्या होत्या.

आता त्रास असा की रंगकामाच्या वेळी पट्ट्यांवर जुन्या रंगाचे शिंतोडे होते ते काढायला गॅरेजमधल्या पोराने चक्क भांडी घासायचा तारेचा काथ्या वापरला. सावलीत काही कळत नाही पण उन्हात गाडी काढली की अख्ख्या पट्टीवर गोल गोल बारीक रेघांचं जाळं दिसतं, आणि पहिल्या पावसानंतर त्याच पट्ट्यांवर मोहरीएवढे तपकिरी ठिपके आलेत जे तीस वर्षांत कधी नव्हते. मला खरंच फार वाईट वाटलं ते बघून. त्याशिवाय डावीकडे फाटकाच्या कडीचा वीतभर चरा आहे, नख फिरवलं तर अडकतं, आणि त्याच पट्टीला मागच्या दाराजवळ रुपयाएवढा पोचा आहे.

रंगाचं रबिंग कंपाऊंड घासून बघितलं, तासभर हात मोडेपर्यंत घासलं, काही फरक नाही. एकजण म्हणतो बफिंगला दे, म्हणजे मशीनच्या फिरत्या कापडी चाकावर चमकवून घे, दुसरा म्हणतो बफिंगने पत्रा पातळ होतो. दिवाळीत पप्पांना पंचाहत्तर पूर्ण होतायत, तोवर गाडी नीट दिसावी एवढीच इच्छा. माझ्याकडे साधं ड्रिल मशीन आहे आणि वेळ आहे. कोणी स्वतः केलंय का?

घाटातला_ड्रायव्हर

टूथपेस्ट लावून सुती कापडाने घासा, मी स्कूटरच्या आरशाच्या दांडीला करतो, चांगली चमक येते. आणि तपकिरी डागाला बाथरूमचं ॲसिड थोडं पाण्यात घालून पुसलं की लगेच जातात.

बफवाला_कोल्हापूर

ताई थांबा, ॲसिड अजिबात लावू नका. ड्रायव्हरदादा राग मानू नका पण बाथरूमच्या ॲसिडात असतं ते हायड्रोक्लोरिक, आणि स्टेनलेस स्टीलचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे क्लोराइड. डाग गेल्यासारखा दिसतो, मग महिन्याभरात तिथेच सुई टोचल्यासारखी भोकं पडतात आणि ती भोकं कुठल्याच पॉलिशने भरत नाहीत, तेवढा पत्रा खालपर्यंत घासावा लागतो. कपड्याचं ब्लीचसुद्धा त्याच कारणाने नको. टूथपेस्टने नुसता मळकटपणा निघतो, स्टीलवरचा चरा तिला काय ऐकतोय.

आमचा वडिलांपासून बफिंगचा धंदा आहे, आधी भांडी, आता जास्त करून रेलिंग आणि हॉटेलची टेबलं, आणि जुन्या गाड्यांच्या पट्ट्या अधूनमधून येतात. त्या मी दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम म्हणजे धातू ओळखणं. चकाकतं ते सगळं स्टेनलेस नसतं. गाडीवर तीन गोष्टी असतात, स्टेनलेस, लोखंडावरचं क्रोम, आणि ॲल्युमिनियम, नव्या गाड्यांना तर प्लास्टिकवरचं क्रोम. फ्रिजचं चुंबक घ्या आणि सगळीकडे लावून बघा. बंपरला घट्ट चिकटेल, ते क्रोम, त्याला पॉलिश पेपर लावायचाच नाही कारण वरचा क्रोमचा थर मायक्रॉनच्याही अंशात असतो, तो गेला की खालचं निकेल पिवळसर दिसायला लागतं आणि मग परत प्लेटिंगशिवाय इलाज नाही. चुंबक चिकटलं नाही तर स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम हातात घेतलं की हलकं लागतं आणि मागच्या न दिसणाऱ्या बाजूला चाकूच्या टोकाने सहज ओरखडतं. रंगातही फरक आहे, क्रोमला निळसर झाक असते, स्टेनलेस त्याच्या शेजारी ठेवलं तर जरा उबदार, राखाडीकडे झुकलेलं दिसतं.

आधी हे करून इथे लिहा, मग पुढचं सांगतो. घाईने कानस-पेपर घेऊन बसू नका.

निळी_पद्मिनी

दादा लगेच जाऊन बघितलं. बंपरला घट्ट चिकटतं. बाजूच्या पट्टीला सपाट भागावर अजिबात नाही, पण जिथे कड आत वळवलीय तिथे किंचित ओढ लागते. उंबऱ्याच्या पट्टीला मात्र चांगलं चिकटतं, तरी गंज कुठेच नाही, मागूनही तशीच स्वच्छ आहे. पुढच्या काचेभोवतीच्या पट्टीला चिकटत नाही आणि ती हलकी वाटते. आता उंबऱ्याचं काय समजू, क्रोम का?

बफवाला_कोल्हापूर

छान बघितलंत. बाजूची पट्टी ३०४ जातीचं स्टेनलेस धरा, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलवाली. तिला चुंबक लागत नाही, पण थंड पत्रा वाकवला की वळणावर थोडी ओढ येते, ती तुम्हाला लागली. उंबऱ्याची पट्टी मागूनही स्वच्छ आहे आणि पोपडे नाहीत म्हणजे ती ४३० असणार, त्यात निकेल नसतं म्हणून चुंबक चिकटतं, पण आहे ती स्टेनलेसच. गाड्यांच्या पट्ट्यांना ४३० खूप वापरतात. काचेभोवतीचं ॲल्युमिनियम वाटतंय, ते सध्या सोडा. त्यावर ॲनोडाइजचा, म्हणजे कारखान्यात चढवलेला संरक्षक, थर असेल तर तो घासून निघाला की दोन महिन्यांत पांढुरकं पडतं.

तपकिरी ठिपक्यांचं कारण तो काथ्याच. काथ्या साध्या लोखंडाचा असेल तर त्याचे बारीक कण स्टीलच्या रेघांत अडकून बसतात आणि पाणी लागलं की ते कण गंजतात. गंज पट्टीचा नाही, उपऱ्या लोखंडाचा आहे. किराणा दुकानातलं लिंबूसत आणा, एक लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम विरघळवा, पट्टी काढून त्यात अर्धा-पाऊण तास बुडवा किंवा त्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवा, मग मऊ नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. ते लोखंड विरघळवतं आणि स्टीलला त्रास देत नाही. हेच पॉलिश झाल्यावर शेवटी परत एकदा करा. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पापुद्रा हवेतच आपोआप तयार होतो, तोच त्याला गंजापासून राखतो, आणि पृष्ठभागावर उपरं लोखंड नसलं की तो नीट बसतो.

पट्ट्या गाडीवरून काढूनच काम करा. नवा रंग आहे, पॉलिशचं फिरतं व्हील एकदा रंगाला टेकलं की जळाला म्हणून समजा. काढताना पट्टीखाली लाकडी किंवा प्लास्टिकची पाचर घालून एकेक क्लिप सोडवत जा, एका टोकाला धरून ओढलं तर पट्टी मधे मोडल्यासारखी वाकते आणि ती खूण सरळ करणं फार अवघड. क्लिपा गंजलेल्या असतील तर नव्याच आणा.

आता पोचा. पोचा आधी, चरे नंतर, उलटं केलं तर काम दोनदा. पट्टीचं तोंड खाली करून चामड्याच्या वाळूच्या पिशवीवर किंवा जाड रबरावर ठेवा, आणि मागून सागवानी खुंटीचं टोक गोल करून लहान हातोडीने टुकटुक असं हलकं ठोका, आधी पोच्याच्या कडेने गोल गोल आणि मग मधे. जोरात एक ठोका मारून बाहेर आणायचा मोह होतो, पण स्टील ठोकलं की कडक होतं आणि ताणतं, मग उलट बाजूला टेंगूळ येतं. चार-सहा ठोके झाले की पट्टी पलटा आणि सपाट ठोकळ्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर (नंबर वाढेल तसा पेपर बारीक) लावून वरून दोन हात फिरवा. जिथे उंच आहे तिथे लगेच घासल्याची खूण उमटते, जिथे खोल आहे तिथे जुनी चमक तशीच राहते. ती चमकणारी चकती बघायची, परत पलटायचं, नेमकं तिथेच ठोकायचं. माझ्या वडिलांनी मला हे शिकवलं तेव्हा एका पट्टीला अख्खी दुपार लावली होती, आणि शेवटी ती रुपयाएवढी चकती तांदळाच्या दाण्याएवढी झाली तेव्हा म्हणाले, आता बास, उरलेलं पेपर काढेल.

चऱ्याला नियम सोपा. नख अडकतं तिथे ४०० पासून सुरुवात. नख अडकत नाही पण रेघ दिसते, तुमचं ते जाळं, तिथे ८०० किंवा १००० पासून. नुसता धूसरपणा असेल तर पेपर नकोच, सरळ पॉलिश. वॉटर पेपर, पाण्यात साबणाचा एक थेंब, पेपर नेहमी ठोकळ्यावर, बोटाने दाबून नाही, बोटाने खळगा पडतो आणि तो चमक आल्यावरच दिसतो. ४०० लांबीच्या दिशेने, ६०० तिरका, ८०० परत लांबीने, असं १५००-२००० पर्यंत जायचं. दिशा बदलायची ती अशासाठी की मागच्या पेपरच्या रेघा आडव्या दिसत राहतात, त्या शेवटची एक जाईपर्यंत पुढचा नंबर घ्यायचा नाही. सगळे इथेच चुकतात. ६०० ची एक रेघ राहिली तर व्हीलवर लावायच्या पॉलिशच्या हिरव्या वडीने ती जात नाही, उलट चकाकून जास्त उठून दिसते. नंबर बदलताना पट्टी आणि हात दोन्ही धुवा.

आणि पत्रा पातळ होण्याचं म्हणाल तर पट्टी जेमतेम अर्धा-पाऊण मिलीमीटरची असते, बारीक जाळं काढायला काही होत नाही, पण कडीचा चरा फारच खोल असेल तर त्याच्या तळापर्यंत जाऊ नका. कडा गोल करा, पसरवा, नव्वद टक्के गेला की थांबा.

पेठेतला_कारागीर

वरचं सगळं बरोबर, मी यात फक्त ड्रिलचं सांगतो कारण मी माझ्या जुन्या स्कूटरचं आणि मित्राच्या गाडीचं ड्रिलवरच केलंय. बफिंगच्या बेंच मशीनला सहा इंची व्हील साधारण २८०० फेऱ्यांनी फिरतं, ड्रिलवर तेवढ्याच फेऱ्या असल्या तरी व्हील तीन इंचीच लागतं म्हणजे कडेचा वेग निम्मा, त्यामुळे काम हळू होतं पण नवशिक्याला तेच बरं, पट्टी एवढी तापत नाही. पुण्यात असाल तर बोहरी आळीत पॉलिशच्या वड्या आणि कापडी व्हील सगळं मिळतं, सातारला हार्डवेअरवाल्याला सांगितलं तर मागवून देईल.

तीन व्हील घ्या. सिसलचं म्हणजे घायपाताच्या दोऱ्याचं, त्यावर काळी वडी, हे कापायला. मग शिवलेलं कापडी, त्यावर हिरवी, स्टीलसाठी मुख्य हीच, तिच्यात क्रोमियम ऑक्साइड असतं. शेवटी सैल कापडाचं, त्यावर पांढरी. लाल वडी दुकानदार गळ्यात मारेल, ती सोन्या-चांदीची, स्टीलला उपयोग नाही. प्रत्येक व्हीलवर स्केचपेनने वडीचा रंग लिहून ठेवा आणि वेगवेगळ्या पिशवीत ठेवा, काळीचे कण हिरव्या व्हीलमध्ये गेले तर प्रत्येक फेरीत नवा ओरखडा. २००० पर्यंत पेपर नीट मारला असेल तर काळी लागतही नाही, सरळ हिरवीवर या.

सगळ्यात महत्त्वाचं, पट्टी लाकडी फळीवर बारीक स्क्रूने किंवा क्लॅम्पने पक्की बांधा. मोकळी पट्टी हातात धरून व्हीलला लावायची नाही, कधीच नाही. व्हील नेहमी पट्टीच्या कडेवरून बाहेर जाणाऱ्या दिशेने फिरलं पाहिजे, कडेच्या आत शिरणाऱ्या दिशेने फिरलं की पट्टी खेचून घेतं आणि ती पात्यासारखी उडते. माझ्या मित्राच्या मनगटाला सात टाके पडलेत म्हणून एवढं कळकळीने लिहितोय. ओढणी नको, केस बांधून, सैल हातमोजे नकोत, गॉगल आणि मास्क पाहिजेच, काळी धूळ नाकात जाते ती दोन दिवस निघत नाही.

मिऱ्याचा_वारा

रत्नागिरीतून लिहितोय, समुद्रापासून आमचं घर दोन मिनिटांवर. इथे काथ्या न लावताही पट्ट्यांवर चहा सांडल्यासारखे डाग येतात, खाऱ्या वाऱ्याने. मला अनुभवाने कळलेली गोष्ट म्हणजे पट्टी जितकी गुळगुळीत तितके डाग कमी, रेघांमध्ये मीठ अडकून बसतं. एका दाराची पट्टी आरशासारखी केली आणि दुसऱ्या बाजूला कंटाळून ६०० वर सोडली, एका पावसाळ्यात ६०० वाली तपकिरी झाली. त्यामुळे ताई शेवटपर्यंत जा, मधे सोडू नका. झाल्यावर गाडीचं मेण लावायचं आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा साध्या गोड्या पाण्याने धुवायचं, बस.

माझाही एक प्रश्न विचारून घेतो, नव्या गाडीला काचेखाली जी चिकटवलेली स्टीलची पट्टी लावून मिळते तिच्यावर असाच बारीक धूसरपणा आलाय, तिला पेपर चालेल का?

बफवाला_कोल्हापूर

मिऱ्याचे भाऊ, आधी चुंबक आणि नख. त्या पट्ट्या फार पातळ असतात आणि काही तर प्लास्टिकवर क्रोम असतात, त्यांना पेपर नको. मास्किंग टेप रंगावर तीन पदरी लावा आणि नळीतली मेटल पॉलिश घेऊन हाताने, मऊ फडक्याने लांबीच्या दिशेने. तेवढ्याने धूसरपणा जाईल. ब्रश फिनिश असेल, म्हणजे मुळातच बारीक सरळ रेघा असतील, तर चमकवायला जाऊ नका, राखाडी नायलॉनचा पॅड रेघेच्या दिशेने एकाच बाजूला ओढायचा, पुढे-मागे नाही.

पेठेतले दादा पट्टी बांधायचं सांगितलंत ते फार बरं केलंत. आमच्या इथे नवीन पोरगं आलं की पहिले पंधरा दिवस त्याला फक्त वाट्या देतो, लांब पट्टी नाही.

निळी_पद्मिनी

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा, पण तेवढा वेळ लागलाच.

लिंबूसताने ठिपके गेले, सगळे, पाणी किंचित पिवळट झालं होतं. पहिल्यांदा उंबऱ्याच्या पट्टीवर हात बसवला कारण ती दार लावलं की दिसत नाही. मग उजवीकडची, तिला फक्त जाळं होतं, १००० पासून सुरुवात केली आणि दोन संध्याकाळी गेल्या. हिरव्या वडीनंतर खडूची पूड फडक्यावर घेऊन पुसलं तेव्हा तो काळा चिकटा निघाला आणि खाली जे दिसलं ना, अंगणातल्या जास्वंदीची पानंन् पानं त्यात दिसत होती. पप्पा खुर्ची घेऊन शेजारी बसले होते, म्हणाले की नवीन बसवली तेव्हाही इतकी नव्हती. त्यानंतर ते स्वतः पेपर भिजवून द्यायला लागले.

पोच्याला चार दिवस लागले. ती चमकणारी चकती बघायची युक्ती नसती सांगितली तर मी नक्की बिघडवला असता. आता तिरक्या उन्हात बघितलं तरच अंदाज येतो. कडीचा चरा ८०० पर्यंत नेऊन थांबवलाय, तळाशी केसाएवढी रेघ आहे, बाकी गेला.

एकच अडचण राहिलीय. डावीकडच्या पट्टीच्या टोकाला, जिथे ती निमुळती होते, बफ करताना बोटभर भाग पिवळसर सोनेरी झालाय, थोडा निळाही. पुसून जात नाही. जळली का ती?

बफवाला_कोल्हापूर

जळली नाही, तापली. स्टेनलेसमधून उष्णता लवकर पसरत नाही, त्यामुळे निमुळत्या टोकाला जायला जागा नसते आणि तिथेच साठते. आधी सोनेरी, मग निळा. फक्त वरचा थर आहे. १५०० चा ओला पेपर दहा-बारा हात, मग २०००, मग हिरवी, पण या वेळी व्हील टोकावर दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, उचला, बोट लावून बघा, चटका बसत असेल तर ओलं फडकं ठेवून गार होऊ द्या. त्यानंतर लिंबूसताचं पाणी पुन्हा एकदा, रंग गेलेल्या जागी विशेष करून.

आणि परत बसवण्याआधी दारावरची क्लिपांची भोकं बघा. तिथे रंग खरवडला असेल तर ब्रशने टच-अप करून वाळू द्या, मग प्रत्येक क्लिपच्या मागे थोडं सिलिकॉन लावून बसवा. पाणी त्या भोकांतून आत जातं आणि दाराचा पत्रा आतून गंजतो, बाहेर फुगा येईपर्यंत कळत नाही. पट्टीच्या आतल्या बाजूला मेणाचा एक हात द्या. पप्पांना नमस्कार सांगा, उद्यमनगरात त्यांनी कुठल्या गल्लीत करून घेतल्या होत्या ते आठवत असेल तर विचारा, तेव्हा पट्ट्यांचं काम करणारी दुकानं मोजकीच होती.

निळी_पद्मिनी

आत्ताच विचारलं. गल्ली आठवत नाही म्हणाले, पण दुकानासमोर चिंचेचं झाड होतं आणि पट्ट्या तयार होईपर्यंत त्याच्याखाली बसून दोन कप चहा झाला एवढं पक्कं आठवतंय. टोकाचं उद्या सकाळी करते, क्लिपा आणि सिलिकॉन आणलंय.

बफवाला_कोल्हापूर

चिंचेचं झाड म्हटल्यावर आमच्या वडिलांना विचारतो. टोकाचं झालं की फोटो टाका, उन्हातला.